छापाचे रुपे आणि उजेडाची चांदी

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर अजूनही बऱ्याच घरांत राणीछाप रुपया निघतो. घासूनपुसून लख्ख केलेला, हळदीकुंकू लावलेला. त्याला सगळे 'चांदीचा रुपया' म्हणतात. शब्दांचा इतिहास पाहिला तर ही जवळजवळ द्विरुक्ती आहे. 'रुपया' या शब्दातच रुपे आहे आणि रुपे म्हणजे तोच पांढरा धातू. पण 'रुपे' आता बोलण्यात राहिलेले नाही. सराफाच्या फळ्यावर 'चांदी', वर्तमानपत्रातल्या भावात 'चांदी', आहेराच्या यादीत 'चांदीची वाटी'. ज्ञानेश्वरांच्या काळापासून मराठीच्या अंगवळणी पडलेला शब्द व्यवहारातून उठला आणि कवितेच्या कोनाड्यात जाऊन बसला. तो मुळात आला कुठून, त्याचा अर्थ काय होता आणि तो विसरल्याने आपण जुने मराठी लेखन चुकीचे वाचतो का, हे तपासावे म्हणून हा लेख.

'रुपे' या शब्दाची एक व्युत्पत्ती आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. रूप म्हणजे सौंदर्य. हा धातू रूपवान, म्हणून त्याचे नाव रुपे. व्याख्यानांत ती टाळी घेऊन जाते. ऐकायला गोड आहे आणि उच्चाराच्या दृष्टीने तीत काही खटकत नाही. माझे मत मात्र निराळे आहे. संस्कृत कोशकारांना हा धातू तितकासा सुंदर वाटत नव्हता, याचा पुरावा अमरकोशातच आहे. अमरसिंह या धातूची नावे देतो त्यांत रजत आहे, रूप्य आहे, श्वेत आहे आणि एक नाव 'दुर्वर्ण' असे आहे. दुर्वर्ण, म्हणजे वाईट रंगाचा. सोने ते सुवर्ण, तर त्याच्या शेजारी बसणारा हा दुर्वर्ण. ज्या धातूला सौंदर्यावरून नाव मिळाले म्हणायचे, त्यालाच रंगावरून असे हिणवणारे नाव असावे, हे जुळत नाही.

मग रूप्य म्हणजे काय? इथे पाणिनी मदतीला येतो. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात (५.२.१२०) 'रूप' शब्दाला 'य' प्रत्यय लावून 'रूप्य' कसे होते ते सांगितले आहे आणि त्याचे दोन अर्थ दिले आहेत. एक 'आहत', ठोकलेले, दुसरा 'प्रशंसा'. प्रशंसेच्या अर्थाने रूप्य म्हणजे देखणा. काशिकावृत्ती त्याचे उदाहरण देते ते माणसाचे, देखण्या पुरुषाचे. आहत या अर्थाची तिची उदाहरणे मात्र नाण्यांची आहेत: दीनार आणि कार्षापण. सौंदर्यवाल्यांना व्याकरणात अजिबातच आधार नाही असे म्हणता येणार नाही. पण तो आधार माणसाच्या चेहऱ्यासाठी आहे. धातूच्या बाजूला उभा आहे तो ठोकलेला छाप. आपले नाणेशास्त्रज्ञ भारतातल्या सर्वांत जुन्या नाण्यांना 'आहत नाणी' म्हणतात. चांदीच्या लहानशा तुकड्यावर सूर्य, झाड, प्राणी अशी चिन्हे एकेक ठशाने ठोकलेली ती नाणी. पाणिनीचा शब्द आणि त्या तुकड्यावरची खूण एकमेकांना इतकी चपखल बसतात की मला दुसरीकडे पाहण्याची गरज वाटत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा फरक आणखी स्वच्छ दिसतो. टाकसाळीच्या अधिकाऱ्याने कोणती नाणी पाडावीत हे सांगताना तिथे 'रूप्यरूप' आणि 'ताम्ररूप' असे दोन शब्द येतात. रूप म्हणजे नाणे. रुप्याचे किंवा तांब्याचे. नाणी पारखणारा अधिकारी तो 'रूपदर्शक'. सौंदर्य पाहणारा नव्हे, छाप पाहणारा! या ग्रंथात धातूचे नाव 'रूप्य' असे स्थिरावलेले आहे, आणि 'रूप' एकटे आले की ते नाणे. अमरकोशात तर दोन्ही अर्थ एकाच श्लोकात शेजारी नांदतात: आधी रूप्य म्हणजे सोन्याचा जोडीदार धातू, आणि लगेच पुढे सोने आणि रुपे हे दोन्ही ठोकून नाणे केले की त्याला रूप्य म्हणावे. म्हणजे सोन्याचे नाणेसुद्धा रूप्यच. ज्याला छाप तो रूप्य. व्यवहारात चांदीची नाणीच अफाट चालली, म्हणून छापाचे नाव हळूहळू त्या धातूलाच चिकटले.

याच्या उलट सोन्याचे एक जुने नाव पाहावे: जातरूप. ज्याचे रूप जन्मतःच आहे ते. सोने नदीच्या वाळूत, खडकाच्या शिरेत पिवळे धमक सापडते. चांदी बहुधा शिशाच्या खनिजात दडलेली असते आणि ती भट्टीत वेगळी काढावी लागते. सोने जातरूप आणि चांदी रूप्य, एकाला रूप जन्माने, दुसरीला हातोड्याने. हे दोन शब्द कुणी मुद्दाम जोडीने घडवले असे मी म्हणत नाही, पण जोडीने वाचले की दोन्ही उजळतात.

याआधीचा शब्द 'रजत'. तो रंगाचा शब्द आहे. ऋग्वेदात तो आठव्या मंडलातल्या एका दानस्तुतीत विशेषण म्हणून येतो, पांढरे, चकाकणारे या अर्थाने. पुढे तैत्तिरीय संहितेत 'रजतं हिरण्यम्' असा जोडशब्दप्रयोग आहे: पांढरे सोने. धातूला स्वतःचे नाव अजून मिळालेले नाही, सोन्याचाच एक पांढरा प्रकार म्हणून त्याची ओळख. त्या ठिकाणची कथा विलक्षण आहे. देवांनी युद्धाला जाताना आपले धन अग्नीपाशी ठेवले, अग्नीला त्याचा मोह पडला आणि तो ते घेऊन पळाला. देवांनी पाठलाग करून ते हिसकावले तेव्हा अग्नी रडला. रडला म्हणून तो रुद्र. आणि त्याचे जे आसू गळले ते रजत झाले. म्हणून यज्ञात चांदीची दक्षिणा देऊ नये. जो देईल त्याच्या घरी वर्षाच्या आत रडारड होईल. आज आपण भटजींच्या हातावर रुपये ठेवतो तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते, हे बरेच आहे.

'रजत'ची भावंडे दूरवर पसरलेली आहेत. अवेस्तातला 'अर्ज़त', ग्रीक 'आर्गुरोस', लॅटिन 'अर्गेन्तुम' ही सगळी एकाच मूळ धातूची लेकरे, आणि आपला 'अर्जुन' म्हणजे शुभ्र, हाही त्याच कुळातला. आर्जेन्टिना देशाचे नाव लॅटिन शब्दावरून आले. इंग्रजी 'सिल्व्हर' मात्र या कुळातला नाही. जर्मन 'झिल्बर', रशियन 'सेरेब्रो', लिथुआनियन 'सिदाब्रास', शिवाय ज्यांचा या भाषांशी नात्यागोत्याचा संबंध नाही त्या बास्क लोकांचा 'झिलार', असा हा शब्द धातूबरोबर गावोगाव हिंडलेला दिसतो. त्याचे मूळ पश्चिम आशियात असावे, असे काही अभ्यासक सुचवतात. सिल्व्हर संस्कृतातून काढून दाखवण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. तो आवरलेला बरा.

या परदेशी शब्दांपैकी दोन मला आपल्या विषयासाठी महत्त्वाचे वाटतात. फ्रेंचमध्ये 'अर्जाँ' म्हणजे चांदी, आणि तोच शब्द पैशासाठीही रूढ झाला, धातूकडून पैशाकडे. आपल्याकडे प्रवास उलटा झाला, छाप मारलेल्या पैशाकडून धातूकडे. स्पॅनिशने तर जुना रंगवाचक शब्द बाजूला सारून 'प्लाता' घेतला, ज्याचा मूळ अर्थ चपटा पत्रा. धातूला त्याच्या रंगाने न ओळखता माणसाने त्याला दिलेल्या आकाराने ओळखायचे, हे काही आपल्यालाच सुचलेले नाही.

पालीत 'रजत' या रंगाच्या शब्दाचेही पैशात रूपांतर झालेले दिसते. बौद्ध भिक्षूंनी 'जातरूप-रजत' स्वीकारू नये, असा विनयपिटकाचा नियम आहे. त्यात रजत म्हणजे काय ते फोडून सांगितले आहे: कहापण, तांब्याचा मासक, लाकडाचा मासक, लाखेचा मासक, जे जे व्यवहारात चालते ते. लाकडाचा तुकडाही रजत! चांदी म्हणजे चलन हे समीकरण इतके पक्के झाले होते.

आता आपल्या भूमीवर येऊ. महाराष्ट्रात चांदीच्या खाणींची परंपरा नाही. हा धातू आला तो मुख्यतः व्यापारातून, आणि व्यापारात तो नाण्याच्या रूपाने आला. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी येतात आणि स्थानिक नाण्यांशी नफ्यात बदलता येतात, असे नोंदले आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ७०,००० कार्षापणांचा हिशेब आहे आणि ३५ कार्षापणांना एक सुवर्ण असा दर दिला आहे. सगळ्यांत बोलका पुरावा नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचा. १९०६ मध्ये तिथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांची खूण. धातू तोच, वजन तेच, पण रूप बदलले आणि मालक बदलला. 'आहत' शब्दाचा अर्थ याहून स्पष्ट करून सांगणारी वस्तू मला माहीत नाही.

रूप्यकम्, प्राकृत रुप्प, मराठी रुपें. सुवर्णकम्‌वरून सोनें आणि ताम्रकम्‌वरून तांबें व्हावे तसेच. पुल्लिंगी 'रुपया' हा त्याच घराण्यातला, उत्तरेकडून शेरशहा सूराच्या नाण्याबरोबर रूढ झालेला; सोळाव्या शतकाच्या मध्यावर त्याने पाडलेला रुपया सुमारे १७८ ग्रेनचा होता. मराठीत मग धातू नपुंसकलिंगी आणि नाणे पुल्लिंगी अशी वाटणी झाली. तरी जुनी आठवण पुसली गेली नव्हती. 'सोनेरुपे' हा जोडशब्द घ्या आणि त्याच्या शेजारी 'सोनेनाणे' ठेवा. दोन्ही एकाच अर्थाने वापरतात. म्हणजे जिथे 'रुपे' बसते तिथे 'नाणे' बसते. हा पुरावा कुठल्या कोशातून आणावा लागत नाही, आजीच्या तोंडचा आहे.

मराठी वाक्प्रचारांत हा धातू कसा शिरला ते पाहिले तर माझे म्हणणे अधिक पटेल. सोने आले ते आगीतून आणि कसोटीच्या दगडावरून: कस लागणे, कसोटीला उतरणे. रुपे आले ते पेढीवरून. पेशवाईत निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. अंकुशी, चांदवडी, सुरती, प्रत्येकाचा भाव वेगळा. एक रुपया दुसऱ्यात बदलायचा तर वटाव, म्हणजे बट्टा, द्यावा लागे. त्यातूनच नावाला 'बट्टा लागणे'. रुपया आतून तांब्याचा तर नाही ना, हे पाहण्यासाठी पोतदार त्याला सुलाख नावाच्या टोचणीने भोक पाडीत. असा रुपया तो 'सुलाखी'. 'तावून सुलाखून निघणे' यात 'तावून' भट्टीचे आहे आणि 'सुलाखून' पोतदाराच्या टोचणीचे. दोन्ही परीक्षा एका दमात. दगडावर आपटून आवाज ऐकत. चांगला तो खणखणीत, हिणकस तो बद्द. 'खणखणीत नाणे' आणि 'बद्द वाजणे' तिथून आले. मोडलेला, कापलेला नाही तो 'बंदा रुपया'. सचोटीच्या माणसाला आपण आजही तसे म्हणतो. या सगळ्यांत धातूची चकाकी कुठेही नाही. आवाज आहे, भोक आहे, तूट आहे.

जाता जाता एक सांगतो. 'चांदवडी रुपया' हा चांदवडच्या टाकसाळीचा म्हणून चांदवडी. त्या गावाच्या नावात चांदी शोधू नये.

मग 'चांदी' आली कुठून? मूळ 'चंद्र', म्हणजे चकाकणारा. एवढ्यावर कुणाचे दुमत नाही. गंमत अशी की वैदिक शब्दांच्या जुन्या यादीत, निघंटूत, 'चंद्र' हे सोन्याचे नाव म्हणून दिले आहे. आपला 'चंद्रहार'ही सोन्याचाच असतो. तो शब्द चांदीवर आला तो नंतर, चांदण्याच्या पांढऱ्या उजेडावरून. ध्वनीच्या नियमांनी 'चांदी' मराठीत आपोआप घडू शकते. चांद, चांदणे, चांदोबा हे आपलेच आहेत. पण व्याकरण वेगळे सांगते. मराठीत सोने, रुपे, तांबे, लोखंड, शिसे, कथील, जस्त ही सारी नपुंसकलिंगी. (पितळेबद्दल मराठीचे एकमत नाही, कुणी ते पितळ म्हणतो, कुणी ती.) या पंगतीत 'ती चांदी' उठून दिसते. हिंदीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि तिथे 'सोना-चांदी' ही जोडी पक्की आहे. म्हणून तो सराफी व्यापाराबरोबर उत्तरेकडून आला, असे मी मानतो. कोकणीने मात्र 'रुपें' सोडलेले नाही.

दोन शब्द बराच काळ एकत्र नांदले. त्यांतला एक मागे का पडला, याचे मला पटणारे कारण भाषेत नाही, टाकसाळीत आहे. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकाच वजनाचा रुपया सर्वत्र लागू केला: १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. यंत्रावर पाडलेला म्हणून हा 'कलदार'. बट्टा गेला, सुलाख गेली, पोतदार आडनावापुरते उरले. तरी १८९३ पर्यंत कुणीही चांदीची लगड टाकसाळीत नेऊन तिचे रुपये करून घेऊ शकत असे; रुपे आणि रुपया ही एकाच वस्तूची दोन रूपे होती. त्या वर्षी ही मुभा सरकारने बंद केली. चांदीचा भाव एकीकडे आणि रुपयाची किंमत दुसरीकडे, अशी फारकत झाली. लगडीच्या रूपाने विकली जाणारी, रोज भाव बदलणारी एक जिन्नस उरली. तिला छापाशी काही देणेघेणे नव्हते. तिला उजेडाचे नाव पुरेसे होते. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. रुपयातून रुपे गेले आणि बोलण्यातूनही गेले. हा क्रम मला योगायोग वाटत नाही.

व्यवहारातून सुटलेल्या 'रुपे'चे साहित्यात काय झाले? त्याचे 'रुपेरी' झाले. रुपेरी पडदा, ढगाची रुपेरी कडा. हे दोन्ही तर इंग्रजीवरून बेतलेले. मग रुपेरी केस, रुपेरी लाटा, रुपेरी आठवणी. गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या ललितलेखनात या विशेषणाइतके स्वस्त विशेषण थोडेच असेल. पेढीवर खणखणणाऱ्या शब्दाचा असा मऊ कापूस झाला. जुबिली आणि पदकांसाठी 'रौप्य' घेतला, तो निदान आपली जागा ओळखून आहे. 'रजत' उरला मुलांच्या नावांत आणि खामगावसारख्या चांदीच्या बाजारपेठेला 'रजतनगरी' म्हणताना. त्याच खामगावच्या एका पेढीवर मी वृद्ध सराफांना 'रुपे' म्हणजे काय असे विचारले, तर ते हसून म्हणाले, "भाऊ, ते कवितेतलं. आमच्याकडं चांदी."

ही नुसती शब्दाची हळहळ नाही. अर्थ बदलल्याने जुने लेखन उणे वाचले जाते. वेदान्तातला सर्वांत घासलेला दृष्टान्त घ्या: शिंपीवर रुप्याचा भास. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रास्ताविकातच तो वापरला, आणि मराठी संतांनी व पंडितांनी तो घरोघर पोचवला. आजच्या सुलभ आवृत्त्यांत त्याचा अर्थ देतात: 'शिंपल्यावर चांदीचा भास होतो.' शब्दशः बरोबर. पण चांदी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चकाकी येते आणि दृष्टान्त केवळ डोळ्यांच्या फसगतीचा होतो. या भ्रमाची चर्चा करणाऱ्या दर्शनकारांनी मात्र आणखी एक माणूस त्यात आणला आहे: 'रजतार्थी', ज्याला रजत हवे आहे आणि म्हणून जो वाकून हात पुढे करतो. मराठी ऐकणाऱ्याच्या कानात 'रुपे' हे सोन्यानाण्यातले रुपे होते. किनाऱ्यावर पडलेली शिंप त्याला कुणाचा तरी हरवलेला पैसा वाटते, आणि तो वाकतो. भ्रमाच्या पोटात लोभ आहे. टीपेत 'चांदी' लिहिले की चकाकी उरते आणि तो वाकलेला माणूस नाहीसा होतो. संपादकांनी अशा जागी 'रुपे' तसेच ठेवून 'चांदी. नाणे, पैसा' अशी टीप द्यावी, एवढीच माझी सूचना आहे. बखरी आणि जुन्या हिशेबी कागदांच्या सुलभ आवृत्त्या काढणाऱ्यांनाही ती लागू आहे. एकाच वाक्यात रुपे आणि रुपये आले तर कोणता शब्द तोलाचा आणि कोणता मोजायचा, हे पाहिल्याशिवाय 'चांदी' लिहू नये.

नाव राहते आणि वस्तू निघून जाते, याचे एक उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात होते. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूला 'जर्मन सिल्व्हर' म्हणत. त्यात चांदी औषधालाही नव्हती. मराठीने त्यातले सिल्व्हर सोडले आणि 'जर्मन' ठेवले. मग ते नाव पांढऱ्या दिसणाऱ्या स्वस्त ॲल्युमिनियमवर गेले. आजही खेड्यात 'जर्मनचं पातेलं' मागितले की ॲल्युमिनियमचे पातेले पुढे येते.